सम कधीच न येणारं संगीत: ब्रायन ईनोचा ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’ म्हणजे नेमकं काय?

संगणक चालू केल्यावर ‘विंडोज 95’ची सहा-एक सेकंदांची जी धून वाजायची, ती 2025 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. त्याआधी वर्षभर, 2024 मध्ये, त्या धुनेच्या कर्त्यावर एक माहितीपट आला. तो प्रत्येक खेळाला वेगळा जुळवला जातो, म्हणजे काल पाहिलेला आज तसाच दिसत नाही. हा कर्ता म्हणजे इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या वुडब्रिजमध्ये 1948 साली जन्मलेला संगीतकार ब्रायन ईनो. दोन्ही बातम्या वाचून त्याचं काम ऐकायला जाणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा 1978 चा ‘अ‍ॅम्बियंट 1: म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम पडतो. मग पाच मिनिटांनी प्रश्न येतो: “गाणं सुरू कधी होणार?”

ते सुरू झालेलं असतं. तरीही हा अल्बम विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांत का मोजतात, हे कळायला संगीताचं शिक्षण लागत नाही. सातवीतला लसावि आठवत असला तर पुरे.

आधी एक शब्द

‘अ‍ॅम्बियंट’ म्हणजे आसमंतातलं. खोलीतला उजेड किंवा उदबत्तीचा वास जसा असतो, तसं असणारं संगीत. लक्ष दिलंत तर त्यात ऐकण्यासारखं सापडावं, नाही दिलंत तर त्याने रुसू नये. अल्बमच्या वेष्टनावरच्या टिपणात ईनोने साधारण हेच लिहिलं आहे: हे संगीत जितकं रंजक, तितकंच दुर्लक्ष करण्याजोगं असलं पाहिजे. आज मोबाइलवर ‘अ‍ॅम्बियंट’ शोधलं की झोपेसाठी आठ तास, अभ्यासासाठी दहा तास असा ढीग समोर येतो. त्या प्रकाराला हे नाव चिकटलं ते या तबकडीपासून.

कल्पना दोन टप्प्यांत आली. जानेवारी 1975 मध्ये लंडनमध्ये ईनोला टॅक्सीने उडवलं आणि तो घरी अंथरुणाला खिळला. भेटायला आलेल्या मैत्रिणीने वीणेच्या जातीतल्या हार्प या वाद्याची जुनी तबकडी आणली होती. तो कसाबसा उठला, ती लावली आणि परत आडवा झाल्यावर लक्षात आलं की आवाज फार बारीक आहे आणि एका बाजूचा स्पीकर मुकाच आहे. पुन्हा उठायचं बळ नव्हतं. बाहेर पाऊस. मग पावसाच्या आवाजात मधूनच एखादी तार ऐकू येते आहे, असंच तो ऐकत पडला. त्याच वर्षीच्या ‘डिस्क्रीट म्यूझिक’ या आपल्या अल्बमच्या टिपणात हा प्रसंग त्याने स्वतः सांगितला आहे.

दुसरा टप्पा जर्मनीतला, कोलोन-बॉन विमानतळावरचा. इमारत देखणी, सकाळची वेळ छान, आणि कर्ण्यांतून येणारं संगीत मात्र भिकार. (इमारतीचे वास्तुविशारद पाउल श्नायडर-एस्लेबेन हे ‘क्राफ्टवेर्क’ या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गटातल्या फ्लोरियान श्नायडरचे वडील. योगायोग, पण गमतीचा.) विमानतळासाठीच संगीत बनवायचं तर ते कसं हवं, याचे नियम ईनोने तिथूनच काढले. घोषणा मध्ये आली तरी मोडू नये. बोलण्याच्या लयीशी त्याची लय भांडू नये, म्हणजे लोकांना आवाज चढवावा लागणार नाही. आणि उडण्यापूर्वी पोटात जो गोळा येतो, तो नाहीच असं सोंग त्याने आणू नये.

एकच स्वर, पण किती वेळाने?

अल्बममध्ये चार तुकडे आहेत आणि त्यांना नावं नाहीत, फक्त पत्ते आहेत. ‘1/1’ म्हणजे पहिल्या बाजूचा पहिला, ‘2/1’ म्हणजे पहिल्या बाजूचा दुसरा, पुढे ‘1/2’ आणि ‘2/2’. सगळी मेख समजून घ्यायला ‘2/1’ धरा. त्यात वाद्य नाही, शब्द नाहीत. तीन बायका आणि खुद्द ईनो यांनी लावलेला “आ”, एका श्वासात एकच स्वर, बस्स. असे वेगवेगळ्या उंचीचे स्वर कोलोनजवळ कोनी प्लांक या जर्मन ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत मुद्रित झाले.

आता ‘टेप लूप’. कॅसेटमध्ये असते तशी चुंबकीय फीत घ्यायची, तिच्यावर तो एक “आ” मुद्रित करायचा, मागेपुढे कोरी फीत ठेवायची आणि दोन्ही टोकं जोडून माळ करायची. माळ यंत्रातून फिरत राहते. “आ” येतो, जातो, बराच वेळ शांतता, पुन्हा तोच “आ”.

ईनोने पुढे एका व्याख्यानात या माळांची मापं सांगितली. एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा 25⅞ सेकंदांनी, तिसरा 29 पूर्णांक पंधरा सोळांश सेकंदांनी, “किंवा असंच काहीतरी”. सगळ्या माळा एकदम सोडल्या की प्रत्येक आपल्या चालीने फिरते. दर फेरीला त्यांची गाठ वेगळ्या जागी पडते. कधी दोन स्वर एकमेकांवर येतात, कधी तिन्ही, कधी सगळेच गप्प. ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी विचारपूर्वक चाल बांधली आहे. बांधली आहे ती फक्त लांबी.

पाटीवर मांडून बघू

हे तीन स्वर एकाच क्षणी सुरू केले, तर पुन्हा एकाच क्षणी कधी येतील? लसावि काढायचा. अपूर्णांक जावेत म्हणून सेकंदाचे सोळा भाग करू. तीन माळा होतात 376, 414 आणि 479 भागांच्या. 376 आणि 414 यांच्यात सामाईक अवयव फक्त 2. 479 ही मूळ संख्या, ती कुणाशीच जमवून घेत नाही. लसावि येतो 3,72,81,528. त्याला 16 ने भागलं की 23,30,095.5 सेकंद. म्हणजे 26 दिवस, 23 तास आणि 15 मिनिटं. तोवर पहिल्या माळेच्या 99,153 फेऱ्या झालेल्या असतील.

जवळपास 27 दिवस, तेही फक्त तीन स्वरांचे. चंद्रालाही सगळी नक्षत्रं फिरून यायला एवढाच वेळ लागतो. तुकडा स्वतः मात्र नऊ मिनिटांच्या आसपास संपतो, म्हणजे त्या अफाट फेरीतली एक चिमूट तेवढी आपण ऐकतो.

आता तेच आकडे सोयीचे करून बघा. 23½ ऐवजी 24, मग 26, मग 30. लसावि 1560 सेकंद, सव्वीस मिनिटांत गाडी मूळ पदावर. 20, 25 आणि 30 घेतले तर पाचच मिनिटांत. आकडे जितके गोलमटोल, तितकी पुनरावृत्ती लवकर आणि कंटाळाही लवकर. वेडेवाकडे आकडे हा लहरीपणा नव्हता, सगळं काम त्यांच्यावरच उभं आहे.

आपल्याला ही भानगड नवी नाही. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, सौरवर्ष 365¼ दिवसांचं. दोन माळा, लांबी वेगळी. म्हणून गणपती 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आले, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. आपण पंचांगात अधिक महिना घालून माळा पुन्हा जुळवून घेतो. ईनो अधिक महिना घालत नाही, सणांना भटकू देतो.

तालाचा कान असलेल्याला हे संगीत पहिल्यांदा अस्वस्थ करतं ते याचमुळे. तीनतालात सोळा मात्रा कुठेही भटका, सम येणार हे ठाऊक असतं आणि ती आली की मान आपोआप हलते. इथे मान हलवायला जागाच ठेवलेली नाही.

प्रत्यक्षात हे बनतं कसं, आणि कुठे बिघडतं

व्यावसायिक टेप-यंत्रावर फीत सेकंदाला 15 किंवा 30 इंच धावते. 30 इंचांच्या वेगाने साडेतेवीस सेकंदांची माळ म्हणजे 705 इंच, जवळजवळ 59 फूट फीत. एवढी यंत्रावर मावत नाही. म्हणून प्लांकच्या स्टुडिओत ती यंत्राबाहेर काढून अ‍ॅल्युमिनियमच्या नळीदार खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवून आणली होती. खुर्च्याच का, तर बहुधा हाताशी होत्या. पण निवड सोयीची ठरते: नळी गोल आणि गुळगुळीत, फीत घासत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं चुंबकत्व धरून ठेवत नाही, त्यामुळे फितीवरच्या मुद्रणाला धोका नाही.

जोड देताना फितीची दोन टोकं एकावर एक ठेवून खाचेच्या ठोकळ्यात बसवतात आणि पात्याने 45 अंशांत तिरकी कापतात. सरळ 90 अंशांत कापली तर जोड वाचकाग्रावरून (फितीवरचा आवाज उचलणाऱ्या डोक्यावरून) एकदम जातो आणि ‘टक्’ ऐकू येतं. तिरक्या जोडात जुना आवाज उतरता आणि नवा चढता राहतो. पातं चुंबकित झालेलं असलं तर काप कितीही सुबक असो, टक् येतंच. चिकटपट्टी लावायची ती फितीच्या पाठीला, मुद्रणाच्या बाजूला कधीच नाही. पट्टी काठाबाहेर आली तर तिचा डिंक यंत्राला लागतो आणि फीत अडखळू लागते.

मग ताण. माळ सैल राहिली तर फीत लचकते आणि स्वर डगमगतो, नवशिक्याच्या लांब “सा”सारखा. फार ताणली तर ओढ वाढते, वेग मंदावतो, स्वर उतरतो आणि पातळ फीत कायमची लांबते. लांबली की सगळं गणितच बदललं. ईनोच्या बोलण्यातलं ते “असंच काहीतरी” प्रामाणिक आहे: खऱ्या फितीच्या माळेचं माप सोळांशापर्यंत टिकत नाही. वर काढलेले 27 दिवस कागदावरचे. खऱ्या यंत्रांवर तीच गाठ तंतोतंत कधीच पडली नसती.

‘1/1’ची गोष्ट निराळी

सगळ्यांत लाडका तुकडा पहिला, सतरा मिनिटांच्या आसपासचा. त्यात पियानो आहे इंग्लिश संगीतकार रॉबर्ट वायटचा, आणि रचनाकार म्हणून ईनो आणि वायट यांच्यासोबत ध्वनिमुद्रक रेट डेव्हिस याचंही नाव आहे. स्टुडिओत चार वादक ईनोने दिलेले काही प्रयोग वाजवून बघत होते. कुणाला कुणाचं धड ऐकू येत नव्हतं. नंतर फीत ऐकताना ईनोला एक इवलासा तुकडा सापडला, ज्यात एकमेकांचा पत्ता नसलेल्या दोन पियानोंचे स्वर एकमेकांत अलगद अडकले होते. त्याने तेवढाच कापला, माळ केली आणि निम्म्या वेगाने चालवली.

निम्म्या वेगाने तीन गोष्टी होतात. सगळं दुप्पट लांबतं. सगळे स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतात. तिसरी सहज ध्यानात येत नाही, पण महत्त्वाची तीच: हातोडी तारेवर पडते तो आघातही दुप्पट वेळ घेतो, म्हणून त्याची धार जाते. पियानो वाजवल्यासारखा न वाटता उमलल्यासारखा वाटतो. कितीही हळुवार बोटांनी वाजवलं तरी खऱ्या पियानोवर हा नाद मिळत नाही.

‘1/2’मध्ये पियानो आणि आवाज दोन्ही आहेत, तंत्र माळांचंच. ‘2/2’ एआरपी 2600 नावाच्या सिंथेसायझरवर केला आहे. गोड आहे, पण माणसाचा श्वास गेल्यावर काहीतरी हरवतं असं वाटल्यावाचून राहत नाही.

“हे तर लिफ्टमधलं म्यूझिक!”

हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे, आणि ईनोने टिपणात आधी त्याचाच समाचार घेतला. दुकानांत, कचेऱ्यांत वाजणारं पार्श्वसंगीत विकणारी ‘म्युझॅक’ ही कंपनी 1930 च्या दशकातली. कामगारांचा उत्साह वाढवायला ती पंधरा मिनिटांचे गट करायची, त्यात प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा जरा अधिक चेव आणणारं, मग तितकीच शांतता. ओळखीच्या चाली घ्यायच्या आणि त्यांतलं खटकणारं सगळं काढून टाकायचं. ईनोचा दावा उलट दिशेचा आहे: जागेचं वेगळेपण झाकू नका, उठावदार करा. त्यातली अनिश्चितता, शंका राहू द्या. उद्देश मन शांत व्हावं आणि विचाराला जागा मिळावी हा.

फरक कानाला कसा कळतो? ‘2/1’ लावून दोन स्वर फार जवळ येतील तेव्हा ऐका. थोडी कळ उठते, मग विरते. म्युझॅकवाल्यांनी तो क्षण आधी काढला असता. अर्थात मूळ कल्पनेचं सगळं श्रेय ईनोचं नाही. फ्रेंच संगीतकार एरिक सातीने 1917 मध्येच ‘फर्निचर संगीत’ हा शब्द काढला होता. आणि दोन माळा एकमेकींपासून हळूहळू सरकत जातात हे अमेरिकन स्टीव्ह राइशने 1965 मध्ये करून दाखवलं होतं. ईनोला त्याचं ऋण मान्य आहे.

“यंत्रच वाजवतंय, मग कलाकाराने केलं काय?”

स्वर कुठले घ्यायचे, किती घ्यायचे, किती शांतता ठेवायची, हे सगळं आधी ठरवावं लागतं. चुकीचा एक स्वर घेतला तर तो दर साडेतेवीस सेकंदांनी येऊन छळणार. बाग लावणारा फांदी कुठे फुटेल ते सांगत नाही, पण रोपं आणि अंतरं त्याचीच असतात. पुढे 1990 च्या दशकात ईनोने या पद्धतीला ‘जनरेटिव्ह’ म्हणजे स्वतःहून उपजत राहणारं संगीत म्हटलं.

यावरून हल्ली विचारतात की एआयचं संगीत तेच ना? नाही. आजचं एआय लाखो तयार गाणी चाळून त्यांच्यासारखं काहीतरी जुळवतं. ईनोच्या माळांना दुसऱ्या कुठल्याही गाण्याची खबर नाही. नियम तीन ओळींत लिहिता येतो आणि कुणीही तपासू शकतो.

“आपला तानपुराही हेच करतो की”

अर्धं खरं. सतत वाजणं, लक्ष न मागणं, नादाने खोली भरून टाकणं, हे सारखं आहे. पण तानपुऱ्याच्या चार तारांचा क्रम ठरलेला आणि तो कुणासाठी तरी वाजतो. गवई “सा” लावतो तेव्हा त्याचं काम सुरू होतं. ईनोच्या मैफलीत गवई येतच नाही. ती जागा ऐकणाऱ्यासाठी रिकामी आहे म्हणा, किंवा तिथून जाणाऱ्या विमानासाठी.

“खरंच विमानतळावर वाजला का?”

वाजला. न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळाच्या मरीन एअर टर्मिनलमध्ये 1980 च्या सुमारास काही काळ तो लावला होता. 1998 मध्ये ‘बँग ऑन अ कॅन’ या अमेरिकन गटाने कमाल केली: फितींनी योगायोगाने जुळवलेलं सगळं वाद्यांसाठी कागदावर उतरवलं आणि माणसांनी वाजवलं. आणि 2016 मध्ये ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक नियतकालिकाने आजवरच्या अ‍ॅम्बियंट अल्बमांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याचा होता.

घरी करून बघायचं असेल तर

फीत लागत नाही. आवाज संपादित करणारं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर चालेल, ‘ऑडॅसिटी’ उत्तम. भूपाचे सा रे ग प ध घ्या, म्हणजे कुठलाही स्वर कुठल्याहीवर आला तरी बोचणार नाही. प्रत्येकाचा चार-साडेचार सेकंदांचा “आ” वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या. आरंभ आणि शेवट अर्ध्या सेकंदात चढता-उतरता करा, नाहीतर प्रत्येक फेरीला टक् येईल. मग प्रत्येकामागे शांतता जोडून लांबी 19.3, 21.7, 23.5, 25.9, 29.9 सेकंद अशी करा. पुनरावृत्तीची आज्ञा देऊन सगळे ट्रॅक दहा मिनिटांपर्यंत वाढवा.

पहिल्या खेपेला बहुतेक गिचमिड होते, कारण शांतता कमी पडते. “आ” माळेच्या चौथाईपेक्षा मोठा ठेवू नका. दुसरी चूक म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोरात असणं. वरचे थोडे मागे ढकला आणि सगळ्यावर मोठ्या सभागृहाची घुमारी (रिव्हर्ब) चढवा, कोरडा “आ” न्हाणीघरातला वाटतो. तिसरी चूक: सगळे ट्रॅक शून्यावर एकदम सुरू करणं. प्रत्येकाला दोन-चार सेकंद पुढेमागे सरकवा, म्हणजे सुरुवातीलाच पाचही जणांची समूहगीताची पोज येणार नाही.

आणि मूळ अल्बम ऐकताना हेडफोन नकोत. साधे स्पीकर, आवाज बोलण्यापेक्षा खाली, खिडकी उघडी. ‘2/1’ लावा, एक स्वर मनात धरा आणि तो परत येईपर्यंत घड्याळ लावून सेकंद मोजा. दुसऱ्या फेरीलाही आकडा तोच येईल, शेजारी मात्र दुसरा असेल.